सतरा नंबरचा दोर

पठाणपुरा, चंद्रपूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. राजदीपला मुश्ताकचाचाची दुआ.

तुझे दोन्ही दोर तयार झाले. सोबतच्या पोत्यात आहेत. पोतं एसटीच्या पार्सलात टाकलं आहे, ते तीन तासांत गडचिरोलीला पोचेल. हे पत्रही पोत्यातच ठेवतो, कारण टपाल तेच ऐंशी किलोमीटर जायला चार-पाच दिवस घेतं.

फोन का करत नाही म्हणून तू पुन्हा विचारलंस. माजरीच्या खाणीत बत्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून तारेच्या दोरांना जोड घातले, कान तिथंच ठेवून आलो. तू फोनवर ओरडतोस, मी इकडून ‘हो हो’ म्हणतो आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. शिवाय दोराचं माप कागदावरच हवं. फांदीला लटकल्यावर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हे कोणाला सांगशील?

आता नीट वाच. दोन्ही दोर पंचेचाळीस मीटरचे, एकाच रिळातून कापलेले. टोकाचा डोळा, म्हणजे दोर वळवून त्याच्याच पोटात परत विणून घातलेला, दोन्हींना सारखाच. डोळ्याखाली दोऱ्याचं वेष्टण आहे आणि त्यात पितळी बिल्ला शिवला आहे. एकावर सतरा, एकावर अठरा. तुमच्या नव्या कक्षाला चाचणीचा अहवाल पाहिजे ना? तर सतरा नंबर नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवा, ओढू दे त्यांना यंत्रावर. सतरा गेला असं समज. यंत्रानं ओढलेला दोर मेला, मग दिसायला कितीही धडधाकट दिसो. आतल्या गाभ्याचे धागे ताणून संपतात आणि वरची साल मात्र हसतमुख राहते. अठरा तुझा.

तुझ्या बापाला सांगायचो ते दोन नियम तुलाही पुन्हा सांगतो. एक, दोर बनवणाऱ्यानं आधी स्वतः लटकायचं. ते अंगणातल्या कडुनिंबाला झालं आहे. दोन, परक्या हातानं उघडलेल्या दोरावर चढायचं नाही, मग तो हात कलेक्टरचा का असेना. टाका बघायचा. टाका ओळखीचा नसला तर दोर खाली ठेवायचा आणि घरी जायचं.

रामाजी असता तर त्यानं तुला हा झाडांवर चढायचा धंदाच करू दिला नसता. जमिनीखाली रोज उतरणारा माणूस, पण घराच्या माळ्यावर चढताना त्याचे पाय लटपटायचे. तू कोणावर गेलास कोण जाणे. तुझ्या आईला, केसरबाईंना सलाम सांग, सूनबाई रश्मीला दुआ.

तुझा
मुश्ताकचाचा

⁂

गडचिरोली
२७ फेब्रुवारी २०२५

चाचा, सप्रेम जय भीम.

दोर मिळाले. आधी एक गंमत सांगतो. वर्षभरात तुमचं अक्षर फार सुधारलंय. पूर्वी तुमच्या पत्राचा अर्थ लावायला मला आणि आईला मिळून बसावं लागायचं. टाक्यांचंही तसंच. खाली दोर धरणारा माझा जोडीदार लच्छू, तो बिल्ल्याचे टाके पाहून म्हणाला, “हे मशीनचं काम हाय.” मी म्हटलं, “नाई रे. लोकं म्हातारपणी बिघडतात, आमचे चाचा सुधरून राह्यले.”

आता कामाचं. धानोरा रस्त्याला एक टोला आहे, वीसेक घरांचा. तिथल्या अंगणवाडीवर एक मोहाचं झाड वाकलंय. त्याची अर्धी बाजू वाळून कोळसा झाली आहे आणि एक मोठी फांदी बरोबर छपरावर आली आहे. आख्खं झाड कापलं की काम एका दिवसाचं. पण उरलेली अर्धी बाजू फुलं देते, आणि सगळा टोला त्या फुलांवर मार्च-एप्रिल काढतो. कापायचं नाव काढलं तर आम्हालाच कापतील. म्हणून वर चढून तेवढी फांदी तुकड्यातुकड्यानं दोराला बांधून खाली सोडायची. मला तर हे काम मनापासून करायचंय. आणि ते एकतीस मार्चच्या आत व्हायला हवं, नाहीतर निधी परत जातो. अंगणवाडीत एकोणीस लेकरं बसतात, हे फाइलीत दुसऱ्या नंबरचं कारण आहे.

नागपूरहून अहवाल आला: दोर क्रमांक सतरा, चोवीसशे किलो भार पेलला, उत्तीर्ण. मी आनंदानं साहेबांकडे गेलो.

“साहेब, आता सतरा भंगारात टाका. मी अठरावर चढतो.”

“अठराचा अहवाल कुठंय?” साहेबांनी विचारलं.

“त्याचा नाही. त्याला ओढलंच नाही.”

“म्हणजे तो पास नाही.”

“साहेब, पास झाला म्हणूनच तर सतरा मेला!”

साहेबांनी आमच्या भांडारपालाकडे, मुखरूभाऊकडे पाहिलं. मुखरूभाऊ म्हणाले, “पोट्टं दहावी पास झालं म्हणून त्याले मेलं कोण म्हन्ते?” सगळं ऑफिस हसलं. त्या हसण्यातच निर्णय झाला. मी सतरावरच चढायचं. अठराला लाल चिठ्ठी लावली आहे, ‘अप्रमाणित, वापरास मनाई’.

चाचा, नाही म्हणून मी घरी बसू शकतो. पण मग बाहेरून दुसरा कोणी बोलावतील, आणि त्या बिचाऱ्याच्या हाती सतरा देतील. त्याला तर कोणी सांगणारंही नाही. तुम्ही एक पत्र लिहून पाहा. तुमच्या नावाला अजून वजन आहे.

तुमचा
राजदीप

⁂

मार्गवृक्ष देखभाल कक्ष, गडचिरोली
जा. क्र. मावृ/दोर/४१/२०२५
दिनांक : ६ मार्च २०२५

प्रति,
श्री. मुश्ताक, दोर कारागीर, पठाणपुरा, चंद्रपूर

विषय : दोर क्र. १७ व १८ बाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्चचे पत्र.

महोदय,

उपरोक्त संदर्भीय पत्रान्वये आपण दोर क्र. १७ हा ‘मेला’ असल्याचे कळविले आहे. तथापि सदर दोर भांडारात सुस्थितीत असून तो मृत असल्याबाबत कोणताही दाखला आपण पत्रासोबत जोडलेला नाही. उलटपक्षी, दोर क्र. १८ याने आजवर एक किलो भार पेलल्याचाही पुरावा अभिलेखात आढळून येत नाही. सबब क्षेत्रीय कामासाठी दोर क्र. १७ हाच वापरण्यात यावा, हा निर्णय कायम ठेवण्यात येत आहे.

आपण विनंती केल्यानुसार, वेष्टण पक्के करून घेण्यासाठी दोन्ही दोर आपणाकडे पाठविण्यास मान्यता देण्यात येत आहे. दोर विहित मुदतीत परत करावेत.

आपला विश्वासू,
(सही)
कक्षप्रमुख

⁂

पठाणपुरा, चंद्रपूर
२० मार्च २०२५

चि. राजदीपला दुआ.

तुमच्या साहेबांचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखं आहे. दोर मेल्याचा दाखला मागतात! खाणीतल्या दोराला पंचनामा होता, पण तोसुद्धा माणूस पडल्यावर व्हायचा. साहेबांना दाखला पाहिजे असेल तर तो तुझ्या नावानं निघेल, हे मी त्यांना उलट टपाली लिहिलं, ते त्यांनी सोयीनं वाचलं नाही.

समजावून पाहिलं, अर्ज करून पाहिला. शेवटी जे केलं ते आता लिहितो. हे पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर टपालानं टाकतो आहे, कारण पार्सलाचं पोतं मुखरू उघडतो. वाचून झालं की चुलीत घाल.

मी बिल्ले बदलले. जिवंत दोरावर आता सतरा आहे, मेलेल्यावर अठरा. साहेबांच्या कागदाला सतरा पाहिजे, तुला जिवंत दोर पाहिजे. दोघांची सोय झाली. वेष्टण पक्कं करायचं म्हणून दोर मागवले ते याचसाठी. आज एसटीनं दोन्ही परत पाठवले. तू निमूट सतरावर चढ. साहेबांशी वाद घालू नको आणि अठराचं नाव काढू नको.

उभ्या जन्मात खोटा बिल्ला शिवला नव्हता. शिवला तो रमजानात. अल्लाला माझ्या परीनं समजावून सांगितलं आहे. त्याला तुमच्या साहेबांपेक्षा लवकर कळतं असा माझा अनुभव आहे. काम मात्र दार लावून एकट्यानं केलं, घरातल्या कोणाला हात लावू दिला नाही. खोट्या कामाला एकच हात पुरे.

काम झालं की दोन ओळी टाक. तोवर मला चैन पडायचं नाही.

तुझा
मुश्ताकचाचा

⁂

गडचिरोली, बसस्थानक
२१ मार्च २०२५

चाचा, जय भीम.

घाईत लिहितोय, गाडी लागली आहे. दोर काल संध्याकाळी ऑफिसात आले. मुखरूभाऊंनी पोतं शिवून बंद करून ठेवलंय, ते आता माझ्यासोबत आहे. मी अजून उघडलेलंही नाही. आजपासून धानोरा रस्त्याची लहान झाडं करत जाणार, त्यांना माझा जुना वीस मीटरचा दोर पुरतो. मोहाचं काम बुधवारी, सव्वीस तारखेला. तिकडं फोनला रेंज नाही, म्हणून पेटीत हे पत्र टाकून जातो.

तुमच्या रोजाच्या दिवसांत जिवाला घोर नको, म्हणून सांगतो. आमची सोय झाली आहे. मुखरूभाऊ माणूस वाईट नाही, फक्त साहेबांसमोर त्यांना दोन जिभा येतात. काल भांडारात मला एकट्याला म्हणाले, “दोन्ही दोर घेऊन जाय. साहेबाले सतरा दाखव, त्याच्यासंगं फोटो काढू दे. साहेब चहाले गेला का अठरावर चढ. मले इचारलं तं मी काय पाह्यलं? मले तं जवळचं दिसतच नाई.”

म्हणजे तुमचंच ऐकतोय, चाचा. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, सतरा गेला, अठरा तुझा? मी अठरावरच चढणार. निर्धास्त राहा.

तुमचा
राजदीप

⁂

चंद्रपूर, बसस्थानक
२५ मार्च २०२५
(धानोऱ्याकडे जाणाऱ्या गाडीच्या वाहकाच्या हाती)

राजदीपभाऊ,

मी अदीबा, नानांची नात. तुमचं एकवीस तारखेचं पत्र आज दुपारी आलं. नानांनी वाचलं आणि चप्पल न घालता रस्त्यावर निघाले.

अठरावर चढू नका. नानांचं पुढचं पत्र हाती येईपर्यंत झाडाला हातसुद्धा लावू नका. कारण लिहीत नाही, ही चिठ्ठी चार हातांतून जाणार आहे. तुमचा फोन लागत नाही, मेसेजला एकच टिक आहे. रश्मीवहिनींचाही नंबर बंद आहे. हीच चिठ्ठी तीनदा लिहून तीन गाड्यांच्या वाहकांना दिली आहे, एकाला तरी टोल्याच्या फाट्यावर गाडी थांबवायची आठवण राहील.

नाना इथंच बाकावर बसले आहेत. रोजा सोडायची वेळ झाली तरी घरी यायला तयार नाहीत. चिठ्ठी मिळाली की त्याच वाहकाजवळ निरोप द्या. कृपा करून द्या.

अदीबा

⁂

टोल्यावरून
२७ मार्च २०२५
(परतीच्या गाडीच्या वाहकाच्या हाती)

चाचा,

मी चढलो नाही. आधी हे लिहितो, म्हणजे तुम्ही घरी जाऊन काही खाल. अदीबाची चिठ्ठी काल दुपारी चारला मिळाली, तीनांतली एकच. काल परतीची गाडी आलीच नाही, म्हणून हे पत्र आज. पण सगळी भिस्त चिठ्ठीवरच असती तर सकाळी नऊलाच मी वर असतो. काय झालं ते ऐका.

साहेब आले. सतरा हातात धरून माझ्यासोबत फोटो काढला आणि पुढच्या गावी चहाला गेले. मी अठरा बाहेर काढला, तुमच्या सवयीप्रमाणे डोळ्याखाली अंगठा फिरवला, आणि थांबलो. टाका तुमचा नव्हता. एक लांब, एक आखूड, तिसरा दोन्ही सोडून भलतीकडेच. गाठ तर चण्याएवढी. दोऱ्यावर तपकिरी डागही होता.

अंगणवाडीच्या कमळाबाई पोरांना बाहेर काढून उभ्या होत्या. म्हणाल्या, “काऊन थांबला गा? चढ ना!”

“बाई, या दोराले कोणीतरी उघडलं.”

लच्छूनं वाकून पाहिलं. “असा टाका तं माह्या बुढीच्या गोदडीलेबी नसते,” तो म्हणाला.

सतरा पाहिला, त्याचंही तेच. म्हणजे कोणीतरी दोन्ही दोर उघडून, तुमच्या हातची नक्कल करायला गेला आणि फसला. तुमचा दुसरा नियम आठवला. दोर खाली ठेवले. साहेब परत आले तेव्हा मी मोहाखाली बसून होतो आणि झाडाची फुलं माझ्या हेल्मेटात पडत होती. त्यांनी पोरांसमोर माझी अब्रू काढली. प्रमाणित दोर असताना चढत नाही, म्हणजे कामचुकार. एकतीसपर्यंत झालं नाही तर बाहेरचा माणूस येणार आणि माझं नाव यादीतून जाणार. दोर मात्र माझ्याकडेच ठेवून घेतलेत.

चाचा, तुम्हाला चंद्रपुरात बसून कसं कळलं की अठराला कोणी हात लावलाय? कोण आहे तो? मुखरूभाऊंवर आधी संशय आला, पण ते शपथेवर नाही म्हणतील आणि ते खरं वाटेल असं त्यांचं तोंड आहे. नाव कळलं तर मला कळवा. ज्याचा हा हात असेल त्याच्याकडे कोणी सुई देऊ नये. पोतीसुद्धा शिवू देऊ नये.

तुमचा टाका मी ओळखतो म्हणून वाचलो, एवढं नक्की.

तुमचा
राजदीप

⁂

पठाणपुरा
२९ मार्च २०२५
(पाकीट शिवून बंद, वाहकाच्या हाती)

राजदीप,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. म्हणून ओळी अशा. वर्षभराची पत्रं मी सांगितली, लिहिली अदीबानं.

तो हात माझा.

दोन वर्षांपासून साखर आहे. गेल्या ईदपासून बोटांची टोकं बधिर झाली. सुई टोचली ते दोर लाल झाल्यावर कळायचं. तू पाहिलेला डाग तोच. वर्षभरात तुला आलेला एकही डोळा मी घातलेला नाही. सगळे अदीबाचे. कडुनिंबाला लटकते तीच, मी खाली तिच्या चपला धरून उभा असतो. तू टाक्यांची तारीफ लिहायचास, मी तिला म्हणायचो, लिही, चाचा खूश झाले.

तुला सांगितलं नाही. काळजी तुझी होती म्हणून नव्हे. मला भीती वाटली. दोराशिवाय मी कोण? कान नाहीत, खाण नाही. बोटंही गेली हे रामाजीच्या पोराला कळलं तर तू पत्र कशाला लिहिशील, असं वाटलं.

आता खरं ऐक. बिल्ले मी बदलले. सतरा बिल्ल्याचा दोर जिवंत आहे. अठरा मेलेला आहे. तसं वीस तारखेलाच लिहिलं होतं, ते पत्र तुझ्या घरी पडलं असेल. खोटं काम पोरीच्या हातून करवून घ्यायची लाज वाटली, म्हणून दार लावून मीच सुई घेतली. दोन बिल्ले शिवायला चार तास लागले. अदीबानं शिवलं असतं तर टाका नेहमीसारखा सुबक आला असता, आणि तू डोळे मिटून मेलेल्या दोरावर चढला असतास. हे मला दोन दिवसांपासून काही सुचू देत नाही.

तुझं पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं. ‘पोतीसुद्धा शिवू देऊ नये’ इथं अदीबानं कागदावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. म्हटलं, बरोबर लिहिलंय.

आता तू ठरव. सतराचा डोळा अदीबाचा आहे, फक्त बिल्ल्याचा टाका माझा. माझाच नियम लावून परका हात म्हणालास तरी मी वाईट वाटून घेणार नाही. तसं असेल तर मी येतो आणि साहेबांसमोर सांगतो की फेरफार मी केला. मग काय व्हायचं ते होऊ दे. पण बाहेरच्या कोणाला त्या अठरावर चढू देऊ नको.

मुश्ताक

⁂

गडचिरोली
४ एप्रिल २०२५

चाचा, जय भीम, आणि उशिरा का होईना, ईद मुबारक.

एकतीस तारखेला सकाळी सतरावर चढलो.

चढण्याआधी पुन्हा डोळ्याखाली अंगठा फिरवला. लच्छू म्हणाला, “टाका तं तोच वाकडा हाय. आता काऊन चढून राह्यला?” मी म्हटलं, “आता माहीत झालं. घरचाच हाय.” पंधरा मीटर वर गेलो, दोर जरासुद्धा कुरकुरला नाही. फांदी अकरा तुकड्यांत उतरवली. छपराचं एक कौलही हललं नाही. एक तुकडा मात्र खाली वेचून ठेवलेल्या फुलांच्या टोपलीवर बसला, त्यावरून कमळाबाईंनी मला जे सुनावलं त्यापुढं साहेब काहीच नाहीत. वर लटकलो होतो तेव्हा मला रडू आलं. तुमचं ‘दोराशिवाय मी कोण’ आठवलं म्हणून. हेल्मेटमुळे कोणाला दिसलं नाही, पण तुम्हाला सांगतो.

चाचा, तुम्ही म्हणता मी पत्र कशाला लिहीन. बाबा गेल्यापासून मला ‘नीट वाच’ असं दरडावणारं दुसरं आहे कोण? बोटं गेली तर गेली. वाकड्या ओळींत लिहा, मी आणि आई पूर्वीसारखे मिळून अर्थ लावू.

मेलेल्या दोराचा डोळा मी साहेबांदेखत कापला. अप्रमाणितच होता, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. तो डोळा, तुमच्या वाकड्या टाक्यांसकट, घरी खिळ्याला टांगलाय. बाबांच्या फोटोशेजारी. बत्तीस वर्षं तुमच्या चांगल्या टाक्यांनी माणसं सांभाळली ते खाणीला माहीत. या एका वाईट टाक्यानं मला जमिनीवर ठेवलं ते मला माहीत. ‘पोतीसुद्धा’ वगैरे जे लिहिलं ते माझ्याच पायातली वहाण समजा आणि तिनंच मला चार मारा.

घरी आलो तर रश्मीनं तुमचं वीस तारखेचं पत्र हातात ठेवलं. “कवाचं येऊन पडलं होतं,” म्हणाली, “तुमचं म्हणून फोडलं नाई.” चुलीत घाला असं लिहिलं होतं, म्हणून तिच्यासमोरच घातलं. आता तिला वाटतं मी काहीतरी लपवतोय.

सगळ्यात शेवटी ऑफिसचं. काल तुमच्या नावानं पत्र निघालं आहे, त्याची प्रत मुखरूभाऊंनी मला दिली. तशीच उतरवतो:

‘दोर क्र. १७ चा वापर यशस्वी झाल्याने त्याच नमुन्याचे आणखी दहा दोर मागविण्यात येत आहेत. बिल्ल्याची शिलाई दोर क्र. १७ प्रमाणेच हुबेहूब असावी. त्यात बदल आढळल्यास दोर बनावट समजून नाकारण्यात येतील.’

मी दोनदा वाचलं. मग ऑफिसच्या व्हरांड्यात एकटाच हसत बसलो.

तेव्हा दोर अदीबानं करावेत, डोळे तिनंच घालावेत, लटकून तिनंच बघावं. मापं यापुढं मी तिच्याच नावानं पाठवतो, तिला तसं सांगा. बिल्ले मात्र तुम्हीच शिवा, चाचा. तिला इतकं वाकडं जमायचं नाही.

तुमचा
राजदीप